‘विधवा’ शब्दाची फोड

‘विधवा’ शब्दाऐवजीं ‘गंगा भागीरथी’ हा शब्द योजावा काय, अशी सूचना महाराष्ट्राच्या महिला व बालविकास मंत्र्यांनीं एप्रिल २०२३ मध्यें पुढें केली, आणि तिजवर टीकेचा भडिमार झाला. नवें नांव शोधण्यापूर्वीं जुन्याचें मूळ पाहिलेलें बरें.

‘धव’ म्हणजे पति, तो गेला ती विधवा, ही फोड सर्वांस पाठ आहे. यास्कानेंही ती निरुक्तांत नोंदविली आहे. परंतु आधुनिक भाषाशास्त्र निराळें सांगतें. ऋग्वेदांतील ‘विधवा’, लॅटिन ‘विदुआ’ व इंग्रजी ‘विडो’ हीं एकाच मूळ शब्दाचीं रूपें असून, त्या मुळाचा अर्थ वेगळें होणें, रितें होणें इतकाच. ‘धव’ मागाहून याच शब्दांतून फोडून काढला गेला! शब्दांत नवरा नव्हताच. तो पंडितांनीं बसविला, आणि त्यावरून ‘सधवा’ घडवून समाजानें बायकांच्या दोन जाती पाडल्या. विधुराच्या नांवाचें ‘श्री’ मात्र पत्नीच्या मरणानें बदलत नाहीं.

मालवणच्या बंदरावर हा प्रश्न पुस्तकी नव्हे. घरधनी समुद्रांत गेला तरी त्याची बायको मासळीची टोपली घेऊन बाजारांत बसते. गिऱ्हाईक तिच्याशीं भाव करतें, कपाळ पाहत नाहीं. हळदीकुंकवाला तेवढें तेंच कपाळ आड येतें.

कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवानें मे २०२२ मध्यें शब्दास हात न लावतां कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें या प्रथाच ठरावानें बंद केल्या, आणि शासनानें त्याच महिन्यांत तो कित्ता सर्व ग्रामपंचायतींपुढें ठेवला. आमच्या किनाऱ्यावरील ज्या गांवांनीं तो अद्याप गिरविला नसेल, त्यांनीं येत्या ग्रामसभेंत हाच विषय पहिला घ्यावा.