कापडबाजाराच्या माडीवरील मैफल

लाइपझिग हे जर्मनीतील जुने व्यापारी नगर. तेथील जत्रांमध्ये शतकानुशतके युरोपभरचा माल उतरत असे. १७४३ साली या नगरातील सोळा प्रतिष्ठित गृहस्थांनी सोळा वादकांचा एक वृंद उभा केला, आणि त्या गृहस्थांत व्यापाऱ्यांचा पुढाकार होता. प्रारंभी हे वादन घरांतील दालनांत होई, पुढे एका खानावळीच्या मोठ्या खोलीत होऊ लागले. १७८१ साली वृंदाला हक्काची जागा मिळाली, ती कापडव्यापाऱ्यांच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर. ‘गेवांडहाउस’ या जर्मन शब्दाचा अर्थच कापडाचे घर. १८३५ पासून फेलिक्स मेंडेलसोहन यांच्यासारख्या श्रेष्ठ संगीतकाराने या वृंदाचे संचालन केले. मूळ इमारत कधीच गेली, तरी जगातील एक अग्रगण्य वाद्यवृंद आजही कापडाच्या घराचे नाव अभिमानाने मिरवीत आहे.

पाश्चात्त्य समूहगान आणि वाद्यवृंद यांच्या प्रत्यक्ष मैफलीचा विषय निघाला, की विरारच्या एखाद्या व्यापारी कुटुंबात सहज उद्गार निघतो, “ते आपले नव्हे.” भाषा परकी, श्रोते दक्षिण मुंबईचे, आणि विरारहून चर्चगेटपर्यंतचे अंतर साठ किलोमीटरांचे. या तीन अडचणींपैकी अंतराची तेवढी खरी आहे. उरलेल्या दोन अडचणी इतिहास पाहिला की पुष्कळशा विरघळतात, कारण हे संगीत राजदरबारातून लोकांत आले ते बऱ्याच अंशी पेढीवर बसणाऱ्यांच्या आश्रयाने.

त्याच काळातील डब्लिनचे उदाहरण पाहावे. १३ एप्रिल १७४२ रोजी तेथे हँडेल यांच्या ‘मेसाया’ या गायकवृंद आणि वाद्यवृंद यांच्यासाठी रचलेल्या कृतीचा पहिला प्रयोग झाला. दोन रुग्णसंस्था आणि देणे न फिटल्याने तुरुंगात पडलेली माणसे यांच्या साहाय्यासाठी तो होता. त्या काळी कर्जदाराला तुरुंगात टाकीत. तुरुंगात बसलेला माणूस कमावणार कसा आणि देणे फेडणार कसा, याचे उत्तर कायद्यापाशी नव्हते. सभागृहात अधिक माणसे मावावीत म्हणून स्त्रियांनी घेरदार साचे लावलेले झगे टाळावेत आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात, अशी विनंती आधी करण्यात आली होती. सुमारे सातशे लोक त्या दालनात बसले. जमलेल्या रकमेतून १४२ कर्जदारांची सुटका झाली. उधारी, तगादा आणि अब्रू या तिन्हींचे मोल जाणणाऱ्या कुटुंबांना या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

मुंबईतही हा प्रवाह जुना आहे. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. पुढच्याच वर्षी मुंबईत जन्मलेले त्यांचे पुत्र झुबिन मेहता जगप्रसिद्ध संचालक झाले. गोव्यातील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे चित्रपटसृष्टीतील वाद्यमेळ रचणारे मोठे जाणकार. त्यांनी १९५८ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादक जमवून भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घातला. त्या मैफलीत लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. कच्छहून मुंबईत येऊन किराणा दुकान थाटणाऱ्या वीरजी शहा यांचे पुत्र कल्याणजी आणि आनंदजी यांची कथा तर अनेक घरांत ठाऊक आहे. दुकानाची उधारी फेडू न शकलेल्या एका गिऱ्हाइकाने पैशांऐवजी त्यांना संगीताचे धडे दिले, असे सांगितले जाते. जुन्या चित्रपटगीतांतील व्हायोलिनांचा भरघोस नाद ज्यांच्या कानांत लहानपणापासून मुरला आहे, त्यांना सिम्फनीचा वृंद पूर्णपणे अपरिचित राहिलेलाच नाही. त्यांनी तो समोर बसून ऐकलेला नाही, इतकेच.

आज ही संधी नरिमन पॉइंट येथील राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात, म्हणजे एन. सी. पी. ए.मध्ये मिळते. खुशरू सनतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव यांच्या पुढाकाराने २००६ साली येथे सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला. त्याचे मुख्य हंगाम साधारणतः फेब्रुवारी आणि सप्टेंबर या महिन्यांत असतात. तेथील जमशेद भाभा नाट्यगृह १९९९ मध्ये खुले झाले. त्यात १,१०९ आसने आहेत. समूहगानाची परंपराही शहरात रुजलेली आहे. व्हिक्टर परांजोती यांनी स्थापिलेला गायकवृंद त्यांच्या पश्चात कुमी वाडिया यांनी अनेक दशके समर्थपणे चालविला.

विरारच्या रहिवाशाला तर या विषयातील वाटाड्या शोधण्यासाठी लांब जावेच लागत नाही. आगाशीच्या मुनिसुव्रत स्वामींच्या दर्शनाला जाणारी वाट ज्या गावांमधून जाते, तेथे आणि नंदाखालसारख्या शेजारच्या गावांत चर्चमधील गायकवृंद मराठी उपासनागीते गातात. बाजारपेठेत वर्षानुवर्षे गिऱ्हाईक म्हणून, पुरवठादार म्हणून किंवा शेजारी म्हणून ओळखीचा असलेला एखादा गृहस्थ अशा वृंदात गात असतो, आणि ही गोष्ट दुकानदाराला ठाऊकही नसते. मैफलीला जाताना असा एक मित्र बरोबर असावा. भजनात किंवा स्तवनात सर्वजण एकच चाल गातात. पाश्चात्त्य समूहगानात मात्र एकाच वेळी निदान चार चाली चालू असतात. स्त्रियांचे उंच व खालचे, तसेच पुरुषांचे उंच व खर्जातील असे चार गट आपापली वाट चालतात, आणि त्या वाटा अशा आखलेल्या असतात की त्यांच्या एकत्र येण्यातून प्रत्येक क्षणी एक नवा नाद घडतो. हे एकदा जाणत्या मित्राने गाऊन दाखविले, की परक्या भाषेतील शब्दांची अडचण निम्म्याने कमी होते.

सभागृहात काय घडते, याचीही थोडी पूर्वकल्पना असावी. वादक स्थानापन्न झाल्यावर ओबो या सुषिर वाद्यावर एक लांब स्वर धरला जातो. त्या एका स्वराशी सर्व वाद्ये जुळवून घेतात. त्यानंतर संचालक येतात. सिम्फनीचे बहुधा चार खंड असतात, आणि दोन खंडांच्या मध्ये टाळ्या वाजवीत नाहीत. सर्व खंड संपून संचालकांचे हात खाली आले, की मग टाळ्या. उशिरा येणाऱ्यास पुढील विरामापर्यंत दाराबाहेर थांबावे लागते. ध्वनिक्षेपकाची मदत सामान्यतः नसल्याने अगदी मंद स्वरही लाकडाच्या आणि श्वासाच्या बळावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा लागतो. म्हणूनच एका माणसाच्या भ्रमणध्वनीची घंटा हजार माणसांचे ऐकणे मोडते. येथे श्रोत्याचे मौन हे मैफलीतील त्याचे भांडवल होय, आणि ते प्रत्येकाने सारखेच घालावयाचे असते.

बीथोव्हेन यांची नववी सिम्फनी हे या प्रकाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. ७ मे १८२४ रोजी व्हिएन्ना येथे ती प्रथम सादर झाली, तेव्हा बीथोव्हेन यांची श्रवणशक्ती गेलेली होती. ते वृंदाकडे तोंड करून उभे होते. मागे चाललेला टाळ्यांचा गजर त्यांना ऐकू येत नव्हता. कॅरोलिन उंगर या तरुण गायिकेने त्यांना हलकेच श्रोत्यांकडे वळविले, तेव्हा तो त्यांना डोळ्यांनी दिसला. ही सिम्फनी सुमारे सत्तर मिनिटांची आहे. गायकवृंद गातो तो केवळ चौथ्या खंडात. पहिले तीन खंड, म्हणजे सुमारे पाऊण तास, जवळजवळ एका सामायिकाइतका काळ, गायकांना स्वस्थ बसावे लागते. झांज, त्रिकोण आणि मोठा ढोल वाजविणाऱ्यांनाही शेवटच्या खंडापर्यंत काहीच काम नसते.

एखाद्या व्यापारी मित्राच्या मनात येथे प्रश्न उठणारच, “झांज वाजविणाऱ्याला वेतन पूर्ण मिळते का?” प्रश्न विनोदी वाटला तरी मर्मावर बोट ठेवणारा आहे. त्यावर बरोबरच्या मित्राने उलट विचारावे, “शेठ, तुमच्या गोदामाचा रखवालदार रात्रभर काय करतो?” तो झांजवाला पाऊण तास जागा असतो, मोजत असतो, आणि त्याचा ठोका अर्ध्या क्षणाने चुकला तर सर्वांचे श्रम वाया जातात. भागीदारीचा व्यवहार ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केला, त्यांना वृंदातील हे तत्त्व ग्रंथ वाचल्यावाचून कळते. प्रत्येकाचा वाटा निराळा, वेळ निराळी. परंतु खाते एकच.

हे सारे ध्वनिमुद्रणातून घरबसल्या ऐकता येते, मग एवढा प्रवास कशासाठी, असा आक्षेप उरतो. त्याचे उत्तर संगीतापेक्षा मैत्रीशी अधिक निगडित आहे. गिरगाव, दादर, मालाड येथून विरारला स्थायिक झालेल्या कुटुंबांतील पुरुषांचे, आणि आता दुकान सांभाळणाऱ्या स्त्रियांचेही, जुने मित्र भेटतात ते लग्नाच्या मांडवात किंवा सांत्वनाच्या बैठकीत. एरवी बोलणे होते ते भावाचे, कराचे, भाड्याचे. पन्नाशी उलटल्यावर लक्षात येते, की वीस वर्षांत मित्राशी व्यवहाराबाहेरचे एकही वाक्य झालेले नाही. भेटण्याची इच्छा असते, पण निमित्त नसते, आणि भेट झालीच तर बोलणे पुन्हा पेढीकडे वळते. मैफल ही गाठ निराळ्या रीतीने सोडविते. दोन तास शेजारी बसावयाचे आणि बोलावयाचे नाही. एकाच वेळी एकाच गोष्टीकडे कान द्यावयाचे. त्यानंतर जे बोलणे निघते, त्याला नवा विषय मिळालेला असतो, आणि त्या विषयात कोणाचाही नफा-तोटा गुंतलेला नसतो. एकट्याने घरी ऐकलेल्या ध्वनिमुद्रणातून हे साधत नाही.

यासाठी थोडी योजना मात्र हवी. हंगामाच्या तारखा आधी पाहून चार-पाच मित्रांनी तिकिटे एकत्र काढावीत. दर निरनिराळे असल्याने प्रत्येकाच्या ऐपतीचा विचार करून एकाच रांगेतील आसने घ्यावीत. सप्टेंबरातील कार्यक्रम निवडताना पर्युषण आणि दशलक्षण पर्वाचे दिवस सांभाळावेत. मैफल बहुधा सायंकाळी सातच्या सुमारास सुरू होते, आणि या दोन्ही महिन्यांत मुंबईत सूर्यास्त साडेसहा-पावणेसातच्या आसपास होतो. चौविहार पाळणाऱ्यांनी घरचा डबा बरोबर घेऊन साडेपाचपर्यंत नरिमन पॉइंटच्या किनाऱ्यावर पोहोचावे. समुद्राकाठी निवांत भोजन होते आणि नंतरची घाई टळते. त्यासाठी विरारहून साडेतीनच्या सुमारास जलद लोकल धरावी. कोणती रचना सादर होणार आहे, हे आधी पाहून ती घरी एकदा ऐकून ठेवावी. समूहगान असल्यास त्याचा भावार्थ वाचून जावे. दुकान अर्धा दिवस बंद ठेवणे जमत नसेल तर गल्ला मुलावर किंवा सुनेवर सोपवावा. ही सवय कधीतरी लावावीच लागणार असते.

परतीच्या प्रवासाचा लोक धसका घेतात, परंतु मैफलीचा उत्तरार्ध तोच असतो. चर्चगेटला गाडी सुटण्यापूर्वी बसावयास जागा मिळाली, तर पुढचा दीड तास मित्रांच्या हाती असतो. एकाला व्हायोलिनांचा शेवट आवडलेला असतो, दुसऱ्याला दुसऱ्या खंडात क्षणभर डुलकी लागल्याचे तो प्रांजळपणे सांगतो, तिसरा झांजवाल्याचा पक्ष घेतो. नंदाखालचा मित्र खर्जातील चाल हळू आवाजात गुणगुणून दाखवितो आणि समोरचा अनोळखी प्रवासीही कान देऊ लागतो. बोरिवलीला गर्दी ओसरते, भाईंदर सोडल्यावर खाडीवरचा वारा डब्यात शिरतो. विरारचे फलाट आले तरी वाद मिटलेला नसतो, आणि पुढच्या हंगामाची तिकिटे कोणी काढावयाची, हे जिना उतरतानाच ठरते.