विश्लेषण : मोटरहोमच्या मागच्या कॅरिअरवर १०० किलो ठेवले, तर चाकांवर दीडशे का पडतात?

मुरबाड-कर्जत रस्त्यावरच्या म्हसा गावात पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा सुरू होते. जनावरांचा मोठा बाजार ही तिची ओळख. अलीकडे याच रस्त्याने मोटरहोम, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या कॅरॅव्हॅनही जाताना दिसतात. कुणी म्हशाहून पुढे देहरीला, गोरखगडाच्या पायथ्याशी मुक्काम करतो, तर कुणी मुरबाडवरून माळशेज घाटाकडे वळतो. यातल्या अनेक गाड्यांच्या पाठीला लोखंडी कॅरिअर असते. त्यावर सायकली, स्कूटर, पाण्याचे कॅन, तंबू आणि यात्रेत घेतलेली घोंगडीही बांधलेली असतात. या कॅरिअरवर नेमके किती वजन चालते, हे मात्र गाडीमालकाला अनेकदा माहीत नसते.

जुना गाडीवान काय सांगेल?

बैलगाडीत ओझे चाकांच्या मागे जास्त भरले की गाडी ‘उलाळ’ होते. जू वर उचलले जाते, बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळतात आणि चढावर बैलांचे पाय ठरत नाहीत. गाडीवान लगेच खाली उतरतो आणि दोन पोती पुढे सरकवतो. गाडीतले एकूण वजन तेवढेच राहते, बदलते ती फक्त त्याची जागा.

मोटरहोमचे कॅरिअर मागच्या चाकांच्याही मागे, गाडीच्या शेवटच्या टोकाला असते. म्हणजे ओझ्यासाठी गाडीवरची ही सर्वांत उलाळ जागा. फरक एवढाच, की बैल मान हलवून तक्रार करतो, मोटरहोमची पुढची चाके गप्प राहतात.

शंभराचे दीडशे कसे होतात?

समजा, पुढच्या आणि मागच्या आसामध्ये ३.५ मीटर अंतर आहे आणि कॅरिअरवरचे ओझे मागच्या आसापासून १.७५ मीटर मागे आहे. तिथे १०० किलो ठेवले, तर मागच्या आसावरचा भार १५० किलोने वाढतो आणि पुढच्या आसावरचा ५० किलोने कमी होतो. लहान मुलांच्या सी-सॉसारखाच हा हिशेब आहे. मागचा आस हा टेकू. टेकूच्या मागे बसलेला पुढच्याला उचलतो आणि टेकूला दोघांचा भार सोसावा लागतो.

आता पूर्ण गाडीचे उदाहरण घेऊ. तिची एकूण वजनमर्यादा ४,००० किलो आणि मागच्या आसाची मर्यादा २,६०० किलो आहे. माणसे, पाणी, सामान भरून गाडी ३,८०० किलो भरते, त्यातले २,५०० किलो मागच्या आसावर आहेत. मालक ३० किलोचे कॅरिअर लावतो आणि त्यावर ११० किलोची स्कूटर चढवतो. एकूण वजन होते ३,९४० किलो. मर्यादेत आहे, म्हणून मालक निर्धास्त. पण मागच्या आसावर १४० नव्हे, २१० किलो वाढले. तिथला आकडा २,७१० किलोवर, म्हणजे मर्यादेच्या ११० किलो वर गेला. पुढची चाके ७० किलोने हलकी झाली, ती वेगळीच.

त्याच कॅरिअरवर मिळून ३० किलोच्या दोन सायकली ठेवल्या, तर मागचा आस २,५९० किलोवर येतो. मर्यादा जेमतेम पाळली जाते. या गाडीसाठी खरे उत्तर ‘सायकली चालतील, स्कूटर नाही’ असे आहे. कॅरिअर कितीही मजबूत असले, तरी हे उत्तर बदलत नाही.

मग मर्यादा एक की अनेक?

मर्यादा चार आहेत आणि त्यातली सर्वांत लहान तीच खरी मर्यादा. पहिली, कॅरिअरची स्वतःची क्षमता. दुसरी, ते जिथे बसवले आहे त्या जागेची. चासीला बोल्टने जोडलेले कॅरिअर आणि मागच्या दारावर टांगलेले कॅरिअर यांत मोठा फरक आहे, कारण दारावरच्या कॅरिअरचा भार बिजागऱ्यांवर येतो. तिसरी, मागच्या आसाची आणि टायरची. चौथी, गाडीच्या एकूण वजनाची. कॅरिअरचे स्वतःचे वजनही भारातच धरायचे, हे अनेक जण विसरतात.

टायरची मर्यादा टायरच्या बाजूलाच छापलेली असते. मापानंतर येणारा भारांक १०० असेल, तर एक टायर ८०० किलो पेलतो, १२१ असेल तर १,४५० किलो. अर्थात, हवा योग्य असेल तरच.

ओझे गाडीपासून किती दूर आहे, हेही महत्त्वाचे. ६० किलो सामान गाडीच्या पाठीपासून ३० सेंटिमीटरवर ठेवले आणि तेच ६० सेंटिमीटरवर ठेवले, तर जोडावर येणारी ओढ दुप्पट होते. म्हणून जड वस्तू आत, गाडीला चिकटून आणि हलकी वस्तू बाहेर.

रस्त्यावर काय बिघडते?

उभ्या गाडीत तोललेले कॅरिअर आणि खड्ड्यात आपटलेले कॅरिअर सारखे नसते. धक्क्यात ५० किलोचे ओझे क्षणभर १०० किलोसारखे, कधी त्याहून जास्त ओढते. एका धक्क्याने वेल्डिंग तुटत नाही. बारीक चीर पडते, ती रंगाखाली गंज धरते आणि वाढत जाते.

माळशेजच्या वळणांवर दुसरी अडचण समोर येते. पुढची चाके हलकी झाली, की स्टिअरिंग सैल वाटते. ओल्या रस्त्यावर गाडी वळणात बाहेर सरकू पाहते आणि ब्रेक लावताना पुढच्या टायरची पकड कमी पडते. गाडीचे नाक वर उचलल्याने हेडलाइटचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. पावसाळी धुक्यात मागचे दिवे आणि नंबरप्लेट सामानाआड गेली, तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ही गाडी अगदी जवळ आल्यावरच दिसते. त्यामुळे हा प्रश्न फक्त मालकाच्या गाडीचा राहत नाही.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार मर्यादेपेक्षा जास्त वजनासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवानगीपलीकडे मागे, बाजूला किंवा उंचीत बाहेर आलेल्या ओझ्यासाठीही २० हजारांची तरतूद आहे. कलम ५२ मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करण्यास मनाई करते. मालकाने असा बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मोटर कॅरॅव्हॅनच्या बांधणीसाठी ‘एआयएस-१२४’ हे स्वतंत्र मानकही आहे.

दंडाच्या भीतीने हिशेब सुटत नाही, हेही खरे. वरच्या उदाहरणातली गाडी एकूण वजनात उत्तीर्णच होते. चूक दिसते ती फक्त आस वेगळा तोलल्यावर.

मालकाने काय करावे?

उपाय सोपा आणि स्वस्त आहे. खडी-लोखंडाचे ट्रक जिथे तोलतात, त्या वजनकाट्यावर प्रवासाला निघण्याच्या तयारीत, माणसांसह गाडी न्यावी. आधी पूर्ण गाडी तोलावी, मग पुढची चाके काट्याबाहेर घेऊन फक्त मागची. हे दोन आकडे आरसीवरच्या आणि कंपनीने दिलेल्या मर्यादांशी ताडून पाहावेत. मागच्या आसावर जितकी जागा उरते, तिला वरच्या उदाहरणातल्या अंतरांप्रमाणे दीडने भागले, की कॅरिअरसह ओझ्याचा आकडा मिळतो. ९० किलो जागा उरली असेल, तर कॅरिअर धरून ६० किलो.

पाणी मुक्कामी भरता येत असेल, तर टाकी भरून घाट चढू नये. एक लिटर म्हणजे एक किलो. कॅरिअरवरची घोंगडी भिजली, की तिचेही वजन वाढते. दर प्रवासाआधी बोल्ट आणि वेल्डिंग पाहावे.

आकड्याशिवाय कॅरिअर नको

‘एवढ्या मोठ्या गाडीला एका स्कूटरने काय होते’ असे म्हणणारे भेटतात, आणि सपाट रस्त्यावर बहुतेक वेळा काही होतही नाही. म्हणूनच सवय लागते. दोष वेल्डिंग करणाऱ्या कारागिरावर ढकलणे सोपे आहे. तो अँगल मजबूतच जोडतो, पण गाडीच्या मागच्या आसावर किती जागा उरली आहे, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. कॅरॅव्हॅन पर्यटनाच्या चर्चेत पार्किंग, वीज, शौचालय येते. आसावरचे वजनही त्यात यायला हवे.

कॅरिअर विकणाऱ्याने त्यावर क्षमतेची पट्टी लावावी. कॅरॅव्हॅन भाड्याने देणाऱ्याने कॅरिअरवर किती किलो चालेल, ते चावीबरोबर लेखी द्यावे. तपासणीत मागचा आस वेगळा तोलावा. आणि ग्राहकाने आकडा नसलेले कॅरिअर घेऊ नये. म्हशाच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी दात पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही. लाखो रुपयांची गाडी घेऊन घाटात शिरणाऱ्याने निदान तेवढी चौकशी करायला हवी.