धबधब्याचा पत्ता

दिवाळीत आमच्या नागपूरच्या घरी माणसांची वर्दळ असते. चकली मोडता मोडता गोष्टी निघतात, आणि गेली काही वर्षे त्यांत एक प्रश्न न चुकता येतो : "तुम्ही नेहमी गडचिरोलीकडे जाता म्हणे. तिकडचा एखादा धबधबा सांगा की, फारसा कुणाला ठाऊक नसलेला. सकाळी निघून दिवेलागणीला परत येता येईल असा."

विचारणारी माणसे भली असतात. मुलाबाळांना घेऊन चार घटका हिरव्या सावलीत काढाव्यात, एवढीच त्यांची इच्छा. तरी मी पत्ता सांगत नाही. त्यापायी मला शिष्ट, कंजूष, जंगल आपल्या बापाचे समजणारा अशी विशेषणे मिळाली आहेत. पहिली दोन मी निमूटपणे घेतो. तिसऱ्याबद्दल मात्र मला बोलायचे आहे. जंगल माझ्या बापाचे नाही हे मला पूर्ण मान्य आहे; माझे सारे भांडण त्याच मुद्द्यावरून आहे.

आधी माझाच गुन्हा सांगतो. तीन वर्षांपूर्वीच्या आश्विनात मी, माझी पत्नी आणि कॉलेजात शिकणारा माझा भाचा असे तिघे धानोरा तालुक्यातल्या एका लहान गावी गेलो होतो. ओळखीच्या एका मास्तरांनी तिथल्या एका वृद्ध गोंड शेतकऱ्याला आमच्याविषयी सांगून ठेवले होते. सारे गाव त्यांना आजा म्हणते. मीही तसेच म्हणेन. आजा आमच्यापुढे चालू लागले. धान नुकते निसवले होते. बांध्यांच्या धुऱ्यांवरून तोल सावरीत आम्ही नाल्यापाशी आलो, गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलो आणि रानात शिरलो. सागाची पाने किड्यांनी खाऊन जाळीदार केली होती. पुढे ऐन, धावडा, मोह आणि बांबूच्या दाट रांज्या. वाटेवर आडवी, हातभर रुंद अशी कोळ्यांची जाळी होती. आजा काठीने जाळ्याचा एक धागा सोडवून ते अलगद बाजूला करीत आणि मग आम्हाला जाऊ देत. घाईच्या माणसाला राग यावा अशी ही चाल. सव्वा तासाच्या वाटेला आम्हाला दोन तास लागले.

धबधबा दोन पुरुष उंच असेल. सह्याद्रीतल्या माणसाने त्याला धबधबा म्हणावे की नाही याचा विचार केला असता. पण काळ्या खडकावरून ते पाणी इतक्या शांतपणे खाली येत होते, आणि खालच्या डोहात वरचे झाड इतके स्वच्छ दिसत होते की, आम्ही तिघेही बोलायचे थांबलो.

"चपला इथंच काढा जी," आजा म्हणाले.

आम्ही काढल्या. त्यांनी पळसाच्या पानाचा द्रोण करून आम्हाला पाणी पाजले. नवे धान घरात खाण्याआधी पहिली मूठ गाव इथे आणून ठेवते, हे त्यांनी सांगितले. हेच पाणी पुढे गावाकडे जाते आणि उन्हाळ्यात धार आटली की बायका त्याच नाल्याच्या वाळूत झिरे खणून घागरी भरतात, हेही सांगितले. निघताना ते एवढेच म्हणाले, "बाहेर कोणाले सांगाल, तं गावाले इचारून सांगा जी."

गडचिरोली जवळ आली तसा भाच्याच्या फोनला जीव आला. त्याने काढलेला फोटो दाखवून विचारले, "मामा, टाकू का?" फोटो फार सुरेख आला होता. मी म्हटले, "टाक." फोटोबरोबर जागेचा नेमका ठावठिकाणाही गेला. भाच्याने मला विचारले तरी होते. मी गावाला विचारले नाही.

गेल्या आश्विनात पुन्हा गेलो तेव्हा आज्यांच्या खळ्यात मोटारींच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या होत्या. मधल्या पावसाळ्यांत दर रविवारी गाड्या आल्या होत्या. डोहात साबण लावून आंघोळी झाल्या होत्या, खडकावर बाटल्या फुटल्या होत्या. नाल्याला पूर आला तशा त्या काचा खाली वाहत गेल्या आणि काठावरच्या पाचोळ्यात रुतून बसल्या. मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचण्यासाठी चैत्रात बायका झाडाखालचा पाला झाडतात. आज्यांची सून अशीच अनवाणी वेचत असताना तिची टाच चिरली. मोहाचा हंगाम दोन-तीन आठवड्यांचा. त्या घरात रोकड पैसा येतो तो असल्याच दोन-तीन हंगामांतून. तो सबंध हंगाम ती पोर खाटेवर बसून राहिली.

आजा रागावले नव्हते. त्यांनी चहा दिला आणि सहज विचारावे तसे विचारले, "तुम्ही तं चपला काढल्या होत्या जी. मग मागून येणाऱ्याले काहून नाही सांगितलं?"

मला उत्तर देता आले नाही. पत्ता एका क्षणात हजारो लोकांपर्यंत गेला होता; चपला काढायच्या असतात, ही गोष्ट त्याच्याबरोबर गेली नव्हती. पत्ता सांगायला मी का नकार देतो, याचे कारण वाचकांच्या आता ध्यानात आले असेल.

आता भांडणाकडे वळतो. अशा जागांना आपल्याकडे 'दडलेला', 'अज्ञात', 'शोधून काढलेला' धबधबा म्हणायची चाल पडली आहे. ज्याची वाट गावातल्या शाळकरी पोराला अंधारातही सापडते, तो दडलेला कसा? आपल्याला ठाऊक नाही म्हणजे कुणालाच ठाऊक नाही, आणि कुणालाच ठाऊक नाही म्हणजे कुणाचेच नाही, अशी ही विचाराची उतरंड आहे. ती नवी नव्हे. 1878 आणि 1927 च्या वनकायद्यांनी हेच केले. पिढ्यान् पिढ्या वापरात असलेली राने सरकारी नकाशात घेतली आणि त्यांत राहणाऱ्यांना आपल्याच रानात परके केले. त्या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे शब्द 2006 च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकातच आहेत. या कायद्याने सामूहिक वनहक्क गावांना दिला आणि रानातल्या पाण्याचे व पाणलोटाचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे सोपवला. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगल आहे आणि तिथल्या हजाराहून अधिक गावांना हा हक्क मिळालेला आहे. आज्यांचे गाव त्यांतलेच एक. तेव्हा "गावाले इचारून सांगा" हे म्हाताऱ्याचे आर्जव होते असे कुणी समजू नये. तो त्या गावाचा कायदेशीर शब्द होता. मीच तो आर्जव समजून विसरलो.

यावर जे आक्षेप घेतले जातात ते मी अनेकदा ऐकले आहेत.

पहिला आक्षेप : निसर्ग सर्वांचा आहे. असेल. पंढरीचा पांडुरंगही सर्वांचाच आहे. म्हणून कुणी चपला घालून गाभाऱ्यात शिरत नाही. सर्वांचे आहे, या शब्दांतून सर्वांवर काही बंधन येते. आपण त्यातला हक्क तेवढा उचलतो आणि बंधन गावासाठी ठेवून येतो. चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यातल्या डोमा गावाजवळ मुक्ताईचा धबधबा आहे. माना जमातीचे ते श्रद्धास्थान. पावसाळ्यातल्या सुटीच्या दिवशी तिथे लोटणाऱ्या गर्दीतल्या किती जणांना हे ठाऊक असते? आपण कुणाच्या दारात उभे आहोत हे न कळताच पुष्कळजण भिजून परत जातात.

दुसरा आक्षेप : लोक आले तर गरिबांना चार पैसे मिळतील. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही, कारण पैशाची गरज खरी आहे. पण आमच्या नागपुरी मंडळींची सहल मी पाहिली आहे. पुरी-भाजी घरची, फरसाण बर्डीवरचे, पाणीसुद्धा बाटलीतले. गावात राहतात त्या रिकाम्या बाटल्या. जिथे पैसा खरोखर मिळू लागला तिथली गोष्टही ऐकण्यासारखी आहे. रायगड जिल्ह्यात भिऱ्याजवळचे देवकुंड असेच 'दडलेले' होते. गावची पोरे वाटाड्ये झाली, घरोघरी जेवणाची सोय झाली. मग गर्दी हाताबाहेर गेली, माणसे बुडाली आणि पावसाळ्यात बंदीचे हुकूम निघू लागले. चूक केली बाहेरच्यांनी. ऐन हंगामात बसून राहिली ती गावची पोरे. लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात 30 जून 2024 रोजी एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. वरच्या रानात पाऊस झाला की खालचे पाणी किती वेळात चढते, हे फोटोत दिसत नाही. ते त्या नाल्याकाठी जन्मलेल्या माणसाला कळते, आणि त्यालाच आपण विचारीत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड जातो. एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर लोखंडासाठी फुटतो आहे. 2021 पासून तिथले खोदकाम मोठ्या प्रमाणावर चालू आहे. त्या डोंगरावर माडियांचा ठाकूरदेव आहे आणि आसपासच्या गावांनी वर्षानुवर्षे विरोध केला आहे. "तिथे डोंगर जातो आणि तुम्ही बाटल्या काय मोजता?" असे एका तरुण मित्राने मला खडसावले. त्याचे म्हणणे खोटे नाही. दोन्ही गोष्टींचे वजन सारखे नाही, हे मलाही कळते. पण गावाला विचारल्यावाचून आत शिरायचे, ही दोन्हींच्या मुळाशी असलेली सवय एकच आहे. डोंगराबद्दल माझा आवाज पोहोचेल तेवढा मी उठवीन. पण तो उठवताना माझ्या स्वतःच्या पायातली चपल तरी काढलेली असावी.

मग कुणी जाऊच नये काय? असे मी म्हणत नाही. याच धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. त्याला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये तिथल्या ग्रामसभेने आपला बांबू आपल्या अधिकारात विकला. तिथे निर्णय बहुमताने होत नाही, सर्वांच्या संमतीने होतो. एकाचेही मन वळले नसेल तर गाव थांबते. मधमाश्या न मारता मध कसा काढावा, याचाही विचार त्या लोकांनी बसून केला. अशी माणसे एका धबधब्याची व्यवस्था ठरवू शकणार नाहीत काय? कोणत्या महिन्यात यावे, किती जणांनी यावे, बरोबर कोण येईल, त्याला काय द्यावे, कुठून पुढे जाऊ नये, हे गावाने ठरवावे. पाहुण्याने ते ऐकावे आणि गावाने 'नको' म्हटले तर गाडी वळवून परत यावे. हे शेवटचे फार अवघड आहे. एवढे पेट्रोल जाळून गेलेल्या माणसाला 'नको' ऐकायची सवय नसते. पण जिथे 'नको' म्हणता येत नाही, तिथे 'या' म्हणण्यालाही अर्थ उरत नाही.

भाचा आता नोकरीला लागला आहे. त्याने तो फोटो काढून टाकला. पण पुढे गेलेले पत्ते काही परत येत नाहीत. गेल्या खेपेस तो माझ्याबरोबर होता. त्याने आणि गावच्या चार पोरांनी दोन दिवस नाल्याकाठच्या काचा वेचल्या. दोन पोती भरली. सगळ्या निघाल्या असे कुणीच म्हणाले नाही. ग्रामसभेने आता गावाच्या तोंडाशी एक बांबू आडवा टाकला आहे आणि आलेल्या प्रत्येकाने आधी गावात येऊन बसावे असे ठरवले आहे.

तेव्हा मंडळी, यंदाही चकली घ्या, करंजी घ्या, चिवडा हवा तेवढा घ्या. पत्ता मात्र माझ्याकडे मागू नका. अगदीच राहवत नसेल तर एखाद्या साध्या दिवशी धानोऱ्याच्या वाटेला लागा, कुठल्याही गावात गाडी थांबवा, झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला रामराम करा आणि विचारा. कदाचित ते उठून तुमच्यापुढे चालू लागतील. कदाचित उठणार नाहीत. पाणी मात्र विचारतील. ते पिऊन परत या.