घर हे बक्षीस नव्हे

गेल्या उन्हाळ्यात एका स्नेह्यांच्या घरी गेलो होतो. त्यांची दहा-अकरा वर्षांची मुलगी खिडकीत बसून 'अ‍ॅन ऑफ ग्रीन गेबल्स' वाचत होती. पुस्तकात ती इतकी रंगली होती की, पाहुणे आल्याचेही तिला भान नव्हते. गृहस्थांनी मोठ्या कौतुकाने मला सांगितले, "चांगले पुस्तक आहे हो! मीच आणून दिले." आणि मग मुलीकडे वळून म्हणाले, "बघ, ती पोरकी मुलगी सगळे कसे हसतमुखाने सोसते! म्हणून तर तिला घर मिळाले. नाहीतर तू! भाजी आवडली नाही की ताटावरून उठतेस." मुलीने पुस्तक मिटले, आणि ती आत निघून गेली.

गृहस्थ सज्जन आहेत, मुलीवर त्यांची माया आहे. पण त्यांचे ते एक वाक्य अजून माझ्या कानांत सलते आहे. 'सोसले, म्हणून घर मिळाले.' पोरक्या मुलांच्या गोष्टी आपण घरोघर अशाच वाचतो आणि अशाच वाचून दाखवतो. या वाचनाशी माझे भांडण आहे. दिवाळीच्या दिवसांत भांडण काढू नये हे मला कळते. परंतु पुस्तके भेट देण्याचे दिवसही हेच, तेव्हा भांडायचे तर ते आताच भांडले पाहिजे.

ज्यांनी हे पुस्तक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ प्रिन्स एडवर्ड आयलंड नावाचे बेट आहे. तिथे मॅथ्यू आणि मरिला कथबर्ट ही अविवाहित, उतारवयाकडे झुकलेली बहीण-भाऊ शेती करून राहतात. मॅथ्यूला आता शेतीची कामे झेपत नाहीत, म्हणून अनाथाश्रमातून एक मुलगा आणवावा असे ठरते. निरोपात घोटाळा होतो, आणि स्टेशनवर येऊन बसते ती अकरा वर्षांची, तांबड्या केसांची, अखंड बोलणारी मुलगी. तिचे नाव अ‍ॅन शर्ली. ल्यूसी मॉड मॉन्टगोमेरी या लेखिकेची ही कादंबरी १९०८ साली बोस्टनला प्रसिद्ध झाली.

आता 'हसतमुखाने सोसणारी मुलगी' या पुस्तकात कुठे आहे, हे मला कोणी दाखवून द्यावे. शेजारच्या रेचल लिंडबाई पहिल्याच भेटीत तिच्या रूपाला आणि केसांच्या रंगाला नावे ठेवतात, तेव्हा ही पोर हसत नाही. पाय आपटून त्यांच्या तोंडावर त्यांचा धिक्कार करते. शाळेत गिल्बर्ट तिच्या केसांवरून चिडवतो, तेव्हा ती त्याच्या डोक्यात पाटी घालून पाटीचे दोन तुकडे करते, आणि पुढे कित्येक वर्षे त्याच्याशी अबोला धरते. गाडीतून येताना पाहिलेल्या साध्या रस्त्याला आणि तळ्याला ती स्वतःची नावे देते. आपले नाव लिहिताना शेवटचे अक्षर गाळलेलेही तिला खपत नाही. ही सोसणारी मुलगी नव्हे. आपण कोणीतरी आहोत, हे विसरायला साफ नकार देणारी मुलगी आहे. तिचा चिवटपणा आहे तो इथे.

आणि 'म्हणून घर मिळाले' हे तर त्याहून खोटे आहे. कादंबरीची प्रकरणे अडतीस. मरिलाच्या मनाचा निर्णय होतो तो सहाव्या प्रकरणात, आणि आठव्यात ती तो मुलीला सांगते. तोवर अ‍ॅनने काय पराक्रम केला होता? काहीच नाही. ती शेताच्या कामाची नव्हती, प्रार्थना तिला धड येत नव्हती, आणि बोलणे तर क्षणभर थांबत नव्हते. मरिला तिला परत पाठवण्यासाठीच गाडीत घालून निघाली होती. वाटेत तिने विचारले म्हणून मुलीने आपली हकीकत सांगितली. तीन महिन्यांची असताना आईबाप तापाने गेले. मग एका घरी, मग दुसऱ्या घरी. दुसऱ्या घरी जुळ्यांच्या तीन जोड्या, आणि त्या सांभाळायला ही. त्या बायका तुझ्याशी चांगल्या वागत होत्या का, या प्रश्नावर मुलगी अडखळते, आणि त्यांच्या मनात तसे वागायचे असणार, अशी त्यांचीच बाजू सावरून घेते. मरिला पुढे काही विचारत नाही. मुक्कामी पोचल्यावर मिसेस ब्ल्यूएट नावाची, माणसांना राबवून घेण्याबद्दल प्रसिद्ध असलेली बाई या मुलीला घ्यायला एका पायावर तयार असते. आणि मरिलाला त्या बाईच्या हाती मुलगी देववत नाही.

वाचकहो, या ठिकाणी परीक्षा कोणाची झाली? मुलीची की मरिलाची? ही मुलगी आपल्या काय उपयोगाची, असे मरिलाने आधीच विचारले होते. त्यावर तो अबोल मॅथ्यू हळूच एवढेच सुचवतो की, आपला तिला काही उपयोग होऊ शकेल. साऱ्या कादंबरीची किल्ली त्या सूचनेत आहे. घर आधी मिळाले. गुण मागाहून दिसले. राहिलेल्या तीस प्रकरणांत ही मुलगी काय काय करते! केकमध्ये व्हॅनिलाऐवजी चोळायचे औषध घालते, मैत्रिणीला सरबत समजून द्राक्षासव पाजते, केस काळे करायला जाऊन हिरवे करून बसते. आणि तरीही घर तिचेच राहते. चूक केल्यावरही जिथून हाकलले जात नाही, त्यालाच घर म्हणतात. नाहीतर ती नोकरी झाली.

नोकरी हा शब्द मी उगीच वापरलेला नाही. त्या काळात ब्रिटनमधून पोरकी आणि गरीब मुले बोटी भरभरून कॅनडाला पाठवली जात होती. १८६९ पासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशी एक लाखाच्या आसपास मुले गेली. पुष्कळ मुलांचे आईबाप जिवंत होते. मुलगे शेतावर आणि मुली घरकामाला, अशी सरसकट वाटणी होती. काहींना प्रेमाची माणसे भेटली, पुष्कळांना केवळ मालक भेटले. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी या प्रकाराबद्दल जाहीर क्षमा मागितली ती २०१० साली. कथबर्ट भावंडांनाही आधी हवा होता तो हाताखाली राबणारा पोऱ्या. असा ब्रिटनहून आलेला मुलगा आणावा की कॅनडातलाच, याचीही त्यांच्यात चर्चा झालेली आहे. त्या लाखभर मुलांना कोणी 'हसतमुखाने सोसा, म्हणजे घर मिळेल' असे सांगितले असेल, तर ती शुद्ध फसवणूक होती. कारण घर मिळणे न मिळणे हे मुलाच्या सोसण्यावर नव्हतेच. ते दार उघडणाऱ्या माणसावर होते.

यावर कोणी म्हणेल, अहो, पण पुढे अ‍ॅन मैत्रिणीच्या लहान बहिणीचा जीव वाचवते, परीक्षेत पहिली येते, आणि मॅथ्यूच्या मृत्यूनंतर आंधळेपणाच्या भीतीने खचलेल्या मरिलासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर पाणी सोडते. ही घराची परतफेड नव्हे काय? मी म्हणतो, नव्हे. सख्ख्या मुलीने हेच केले असते, तर त्याला तुम्ही परतफेड म्हटले असते काय? मरिला स्वतः तिला या त्यागापासून परावृत्त करू पाहते. ज्याला देणे फेडायचे असते तो हिशेब संपला की निघून जातो. ही तर राहते.

मात्र लेखिकेला सगळेच गोड दाखवायचे नाही, हेही सांगितले पाहिजे. मरिलाची जांभळ्या खड्यांची पिन हरवते, तो प्रसंग आठवा. मुलीने ती हाताळली होती, म्हणजे तिनेच हरवली, असे ठरते. कबूल करीपर्यंत खोलीतून बाहेर यायचे नाही! मुलगी सहलीला जाता यावे म्हणून, न केलेल्या गुन्ह्याचा मोठा रसभरित कबुलीजबाब रचून देते. पुढे पिन मरिलाच्या स्वतःच्याच शालीला अडकलेली सापडते. पोरक्या मुलावर पहिला संशय जातो, आणि मोठ्यांना हवे ते बोलून मोकळे होण्याची कला त्याला लवकर अवगत होते. या गोष्टी लेखिकेला नेमक्या ठाऊक आहेत. ठाऊक असणारच. ती पावणेदोन वर्षांची असताना तिची आई गेली, वडील तिला आजी-आजोबांकडे ठेवून दूर पश्चिमेकडे निघून गेले, आणि त्या करड्या शिस्तीच्या घरात ती वाढली. परंतु मरिला काय करते ते पाहा. ती मुलीकडे जाऊन सरळ आपली चूक कबूल करते. एका अकरा वर्षांच्या, रक्ताचे नाते नसलेल्या पोरीची क्षमा मागते! आपल्याकडे किती वडीलधाऱ्यांनी पोटच्या मुलांची तरी अशी क्षमा मागितली आहे?

आपल्याकडचे म्हणायचे तर, आपल्यालाही कथबर्ट भावंडांसारखा मुलगाच हवा होता. दत्तक घ्यायचा तो वंशाला आणि पिंडाला. हिंदू कायद्यात मुलीला दत्तक घेण्याची सरसकट मोकळीक आली ती १९५६ साली. आणि तरी याच महाराष्ट्रात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि एका विधवेचे मूल पुढे यशवंत म्हणून आपल्या मांडीवर घेतले. त्या मुलाने आधी काय सोसून दाखवले होते? त्याने जन्म घेतला होता, एवढेच. आजचा कायदाही दत्तक मुलाला पोटच्या मुलाचे सगळे हक्क देतो. कायद्याने जे दिले ते आपली जीभ अजून देत नाही. 'नशीब काढले हो पोरीने!' असे आपण म्हणतो, आणि त्या पोरीला आयुष्यभर त्या नशिबाची पावती खिशात घेऊन हिंडायला लावतो.

हे सगळे मी पुस्तकातून शिकलो असे म्हणालो, तर ते खोटे होईल. आमच्या घरी माझी एक मावसबहीण वाढली. आईबाप लहानपणीच गेलेले. आमच्या घराने तिला काही कमी केले नाही, असे आम्ही सगळे वर्षानुवर्षे सांगत आलो. दिवाळीला सगळ्यांबरोबर तिलाही नवे कापड यायचे. फक्त आमचे कापड आमच्या पसंतीचे असे, आणि तिचे टिकाऊ असे. या कादंबरीत मॅथ्यूला एके दिवशी अचानक दिसते की, आपल्या मुलीचे झगे इतर मुलींसारखे नाहीत. आणि तो बुजरा म्हातारा धडपडून नाताळला तिच्यासाठी फुग्याच्या बाह्यांचा झगा शिवून घेतो. ते प्रकरण मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक खाली ठेवले. आमच्या घरात मॅथ्यू नव्हता. मी होतो, आणि मला दिसले नव्हते.

पुष्कळ वर्षांनी एका दिवाळीत ती माहेरी, म्हणजे आमच्याकडे, आली होती. कोणीतरी तिच्या लहानपणाच्या समजूतदारपणाची वाखाणणी केली. हिने कधी कशाचा हट्ट म्हणून केला नाही, वगैरे. ती हसली, आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "दादा, तुम्ही सगळे फराळाच्या डब्यात हात घालायचात. मी विचारून घ्यायचे. दुसरी करंजी मी कधी मागितलीच नाही." तिच्या स्वरात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला ते सोपे गेले असते.

तेव्हा माझे सांगणे एवढेच की, पोरक्या मुलाची गोष्ट आपल्या मुलांच्या हाती जरूर द्या. 'अ‍ॅन' तर अगत्याने द्या. इतके हसवणारे आणि इतके खरे पुस्तक विरळा. परंतु त्या मुलीचा दाखला देऊन आपल्या मुलीला ताटावर बसवू नका. पुस्तकातला धडा मुलांसाठी नाही, तो मरिलाच्या वयाच्या माणसांसाठी आहे. आणि या चार दिवसांत आपल्या घरी कोणी पुतणी, कोणी भाचा, कोणी कामवालीचे पोर, कोणी दत्तक आलेले मूल असेल, तर त्याच्या हसऱ्या चेहऱ्यावर जाऊ नका. फराळाच्या डब्याकडे लक्ष ठेवा. जे मूल न विचारता त्यात हात घालते, त्याला घर मिळाले आहे असे समजा. जे विचारून घेते, त्याला अजून मिळालेले नाही. आणि तो दोष त्याचा नव्हे.