मुख्याध्यापक कीं मुकादम?

शिक्षक काम करीत नाहींत ही ओरड आपल्याकडे जुनी आहे, आणि तिच्यावर सुचविला जाणारा उपायहि तितकाच जुना: शिक्षकास धाक हवा. हा उपाय सांगणारे गृहस्थ बहुधा सुशिक्षित असतात. म्हणूनच तो खोडून काढणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मुळशी तालुक्याकडे पाहावें. एका टोकास हिंजवडीच्या संगणक-कंपन्या, दुसऱ्या टोकास ताम्हिणीचा घाट. पौडच्या पलीकडे धरणाच्या कडेनें वाड्या विखुरलेल्या. आषाढ-श्रावणांत पावसास खंड नाहीं. अशा वाडीच्या शाळेंत पट थोडा व शिक्षक दोन. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें पहिली ते पांचवीच्या शाळेस ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक नेमून दिले आहेत. स्वतंत्र मुख्याध्यापक पट १५० च्या वर गेल्यावांचून नाहीं. म्हणजे दोघांपैकीं एकानें दोन-तीन इयत्ता सांभाळून मुख्याध्यापकीचें ओझेंहि वाहावयाचें.

आमचा एक जुना विद्यार्थी त्या भागांत शिक्षक आहे. दोन वडील शिक्षकांच्या हाताखालीं त्यानें काम केलें. पहिल्यांचें लक्ष घड्याळावर व टांचणवहीच्या तारखांवर. हा वेळेवर येई, तक्ते भरी, वह्यांवर सह्या करी. आणि तिसरींतल्या मुलांस हातच्याची वजाबाकी येत नसे. दुसऱ्यांनीं पहिलीचा वर्ग स्वतःकडे घेतला, वरून मागविलेले तक्ते स्वतः भरले, आणि मधल्या सुट्टींत खिचडी वाढून झाली कीं ते एवढेंच विचारीत: "आज कोण कोठें अडलें?" त्या वर्षीं आपण घरीं जाऊनहि उद्यांच्या पाठाचा विचार करीत असूं, असें तो सांगतो. माणूस तोच, पगार तोच, पाऊसहि तोच!

कोणी म्हणेल, हा मवाळपणा झाला. मुळींच नाहीं. टांचणवहींत तारीख घालून पहिल्यांची समजूत घालतां येई. दुसऱ्यांच्या प्रश्नास खोटें उत्तर देण्याची सोयच नव्हती. धाकानें हजेरी मिळते, मन मिळत नाहीं. आणि शिकविणें हें मनाचें काम आहे.

पुण्यास १८८० मध्यें न्यू इंग्लिश स्कूल निघालें. तिचे सुपरिंटेंडेंट वामन शिवराम आपटे यांनीं १८८१ मध्यें संस्कृत रचनेवर विद्यार्थ्यांसाठीं पुस्तक लिहिलें. शाळेचा प्रमुख प्रथम शिक्षक, मग अधिकारी, असा तो वस्तुपाठ होता. या मंडळींतहि कलह झाला व १८९० मध्यें टिळक बाहेर पडले, हें आम्हांस ठाऊक आहे. पण तो कलह कामचुकारीचा नव्हता, तत्त्वांचा होता.

त्याच २००९ च्या कायद्यानें जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामें शिक्षकांस देण्याची मनाई केली आहे. तरी कागद निरनिराळ्या नांवांनीं शाळेंत शिरतोच. त्यास अडवावयाचें कोणीं? मुळशीच्या भातखाचरास बांध असतो. तो पाणी धरून ठेवतो, रोपास वाढण्याचा हुकूम सोडीत नाहीं. मुख्याध्यापकाचें काम त्या बांधाचें. म्हणून आमची मागणी साधी आहे: लहान शाळेंत मुख्याध्यापकी वाहणाऱ्यास त्या कामापुरती खरी मोकळीक द्या, आणि त्याच्या दप्तराआधीं त्याचा वर्ग तपासा. तेवढें न करतां शिक्षकांस कामचुकार म्हणणाऱ्यांनीं श्रावणांतला एक आठवडा त्या वाडींतल्या शाळेंत शिकवून यावें, आणि मग बोलावें.