मस्तानी कधी हसलीच नसेल काय?

गेल्या हिवाळ्यात आठवीच्या मुलींना घेऊन आम्ही पाबळला गेलो. पाबळ हे शिरूर तालुक्यातले गाव, बाजीरावाने मस्तानीला इनाम दिलेल्या गावांपैकी एक. तिची कबर तिथेच आहे. कोणी मजार म्हणते, कोणी समाधी. मुलींनी फातेहा पढली, फोटो काढले, आणि परतताना एकीने विचारले, "टीचर, ये कभी हसती बी थी क्या?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. ना. सं. इनामदारांची 'राऊ' १९७२ साली आली, तिच्यावर बेतलेला सिनेमा २०१५ साली आला. आधी आणि नंतरही मस्तानीवर पुष्कळ लिहिले गेले. विडा खाल्ल्यावर लाल रस तिच्या गळ्यातून उतरताना दिसे, ही आख्यायिका पोराबाळांनाही पाठ आहे. पण त्या आरपार दिसणाऱ्या गळ्यातून एखादा खट्याळ शब्द बाहेर पडल्याचे कोणी ऐकवत नाही. ती नाचते, झुरते आणि मरते. सिनेमातल्या 'पिंगा' गाण्यात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या तेव्हा मोठा आक्षेप घेतला गेला. घरंदाज स्त्रिया अशा नाचत नसत, हे खरे असेल. पण त्या दोघींच्या रडण्यावर एवढा गदारोळ झाल्याचे आम्हाला आठवत नाही.

मुलीचा प्रश्न शिक्षकांच्या खोलीत सांगितला, तर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "हसायला लतीफ्यांची पुस्तके आहेत. इतिहास हा अदबीचा विषय आहे." हा लेख त्या वाक्याशी भांडण्यासाठी आहे.

दौंडला रद्दीच्या दुकानात आम्हाला काही वर्षांपूर्वी जॉर्जेट हेयर या इंग्रज लेखिकेच्या दोन जुन्या कादंबऱ्या मिळाल्या. दौंड जंक्शनचे गाव. रेल्वेच्या बंगल्यांतून इंग्रजी पुस्तके रद्दीत येण्याची तिथली परंपरा जुनी. हेयरबाईंनी पहिली कथा वयाच्या सतराव्या वर्षी रचली, आजारी भावाचे मन रमावे म्हणून. ती १९२१ साली छापली गेली. पुढे त्यांनी इंग्लंडच्या १८११ ते १८२० या काळावर वीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत बग्ग्या, टोप्या, मेजवान्या यांचा तपशील चोख. नायिका उलट उत्तर देते, नायक निरुत्तर होतो, आणि प्रेम जमण्याआधी दोघे एकमेकांवर हसून घेतात. शेवट गोड होणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असते, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. डिक्शनरी घेऊन बसलो आणि दोन रात्री जागलो. बी.एड.च्या परीक्षेलाही एवढे जागलो नव्हतो!

यात दोष नाही असे नाही. ज्या वर्षांत लंडनचे हे रसिक नाचत होते, त्याच वर्षांत आमच्या घोडनदीला कंपनीची छावणी होती. तिथूनच ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची पलटण कोरेगावकडे निघाली. लंडनच्या मेजवान्यांचा पैसा कुठून येत होता, हे हेयरबाई विचारत नाहीत. १९५० सालच्या 'द ग्रँड सोफी'त तर एका ज्यू सावकाराचे चित्र असे ओंगळ आहे की आम्ही पुस्तक मिटून ठेवले. हे चित्र आम्हाला ओळखीचे वाटले. मराठी ऐतिहासिक कादंबरीतला कपटी खान असाच असतो. तेव्हा सहकाऱ्यांनी हा मुद्दा काढला असता तर आम्ही मान दिली असती: हसू कोणाच्या जिवावर? पण ज्याच्यावर नेहमी दुसरे हसतात, त्याने स्वतः हसवायला शिकावे की हसणेच सोडून द्यावे?

आणि मराठीलाच दोष का द्यावा? आपल्या घरांतल्या कपाटात नसीम हिजाज़ी असतात. त्यांचा नायक तलवार चालवतो, वाळवंट तुडवतो, त्याचा घोडासुद्धा कधी ठेचकाळत नाही. याच उर्दूत अमीर हमजाची दास्तान आहे. नाव हजरत हमजांचे, बाकी सगळा कल्पनेचा पसारा. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने तिचे शेचाळीस खंड काढले. हमजा नौशेरवानची मुलगी मेहरनिगार हिच्यावर जीव टाकतो, आणि शेजारी लोभी, लबाड, जिवाला जीव देणारा अमर अय्यार उभा. त्याच्या जंबील नावाच्या पोतडीत सारे जग मावते. इतिहासाचे नाव, प्रेम आणि विनोद असे तिन्ही एका ठिकाणी आपल्याकडे होते. आपण ते 'फालतू' म्हणून माळ्यावर टाकले. मराठीने तेच तमाशाच्या वगात ठेवले, जिथे राजाला बोलून गार करणारा सोंगाड्या असतो. न्हावरेमार्गे चौफुल्याला उतरले की कलाकेंद्रांच्या पाट्या दिसतात. आम्ही शिक्षक तिकडे मान वळवत नाही.

खुद्द इतिहास मात्र अदबीने वागत नाही. १८१६ साली त्र्यंबकजी डेंगळे ठाण्याच्या किल्ल्यात इंग्रजांच्या कैदेत होते. पहारा गोऱ्यांचा. एका इंग्रज अधिकाऱ्याचा मोतद्दार भिंतीखाली घोडा फिरवत रोज गात असे. गाण्यातून सुटकेचा बेत सांगितला जात होता, पण पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हते. सप्टेंबरात कैदी पसार झाले. बिशप हेबरने आपल्या प्रवासवर्णनात ही हकीकत नोंदली आहे. अशी हकीकत असताना आमच्या पाठ्यपुस्तकात त्र्यंबकजी आले तरी एका ओळीत येतात.

"भावना दुखावतील," असेही सांगितले जाते. भावना आजही दुखावतातच. १ जानेवारी २०१८ ला याच शिरूर तालुक्यात, कोरेगाव भीमाच्या आसपास दगडफेक झाली, गाड्या जळाल्या, एका तरुणाचा जीव गेला. तो दिवस कोणा विनोदी कादंबरीने आणला नव्हता. एका कादंबरीने दगड खाली पडतील असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या मुलांना इतिहासातली माणसे फक्त पुतळा म्हणून भेटतात, त्यांना पुतळ्याच्या मानापमानाखेरीज दुसरे काय सुचणार?

टवाळी वेगळी आणि विनोद वेगळा, हे चिं. वि. जोशी वाचणाऱ्या मराठी माणसाला सांगायला नको. मग 'राऊ'च्या लेखकाने प्रेमिकांचे संवाद रचले तर ती कला, आणि दुसऱ्या कोणी त्या संवादात एक चेष्टा रचली तर तो इतिहासाचा अपमान, हे कसे? रचलेले दोन्ही आहे.

त्या मुलीला आम्ही सांगितले, तूच लिही. तिने एक पान लिहिले. मस्तानी पाबळच्या पाटलाला विचारते: इनाम तर मिळाले, पण विहिरीला पाणी आहे का? पाटील म्हणतो, पाणी श्रीमंतांनी पुढच्या मोहिमेनंतर द्यायचे कबूल केले आहे. त्यावर मस्तानी एवढी हसते की दासीच्या हातातले पानदान पडते. उर्दूत लिहिले आहे, पाटलाचे बोलणे मराठीत.

ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पान वाचले. मोठ्याने हसले. मग चष्मा पुसत म्हणाले, भित्तिपत्रकावर नको लावायला. ते पान अजून आमच्या पर्समध्ये आहे.