संभाजीनगरच्या ‘मर्सिडीज’ पंधरा वर्षांच्या

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज मोटारी घेतल्या. सुमारे ६५ कोटींच्या या खरेदीने मागास मराठवाड्याची प्रतिमा पालटली, निदान तसे मानले गेले. त्या मोटारींच्या नोंदणीची पंधरा वर्षे आता उलटली आहेत. फेरनोंदणी पाच वर्षांपुरतीच मिळते. तिचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले. शिवाय पर्यावरण कर. अर्थात, अशा मालकांना ही रक्कम किरकोळच. खरा घोर गिअरबॉक्स, सस्पेन्शन आणि सुट्या भागांचा. ज्यांची मोटार वाळूज किंवा शेंद्र्यापलीकडे क्वचितच जाते, त्यांनी ती ठेवण्यात व्यवहार आहे. ‘समृद्धी’वरून वारंवार मुंबई गाठणाऱ्यांनी मात्र जिव्हाळा बाजूला ठेवून नवी घ्यावी.